आधी एकच स्पीकर ऐका

स्टिरिओसाठी भारीतले स्पीकर घ्यायचं ठरलं की माणूस शोरूममध्ये जातो, दोन स्पीकरांसमोर मधोमध मांडलेल्या खुर्चीत बसतो, डीलर आपल्या ठेवणीतली रेकॉर्डिंग्ज लावतो आणि तासाभरात लाखांचा व्यवहार ठरतो. या सगळ्यात गाणं ऐकून होतं, पारख मात्र राहून जाते. माझं म्हणणं ऐकायला विचित्र वाटेल, पण जोडी घ्यायची असेल तर आधी एकच स्पीकर ऐकावा. दुसरा बंद करावा, रेकॉर्डिंग मोनो करावं, शेजारी दुसऱ्या मॉडेलचा तसाच एकटा स्पीकर ठेवावा, दोघांचा आवाज एका पातळीवर आणावा आणि आलटून पालटून तेच गाणं, तेच बोलणं ऐकावं. जो टिकेल त्याचा जोडीदार मग मागवावा.

याचं कारण स्टिरिओच्या रचनेतच आहे. गायक मध्यभागी बसून गातोय असं आपल्याला वाटतं, तिथे स्पीकर नसतोच. डावा आणि उजवा दोघंही तोच आवाज सोडतात आणि मेंदू त्याला मधे नेऊन बसवतो. पण प्रत्येक कानाला तो आवाज दोनदा पोचतो. जवळच्या स्पीकरचा आधी, आणि लांबच्या स्पीकरचा डोक्याला वळसा घालून, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. एवढ्या अंतराने आलेल्या लहरी २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकींना खोडतात. शब्दांतली व्यंजनं जिथे स्पष्ट होतात, सुराला जिथे धार येते, नेमका तिथेच खड्डा पडतो. भिंतींवरून परतणारा आवाज तो थोडाफार बुजवतो, तरी जोडी कुठलीही असो, खड्डा पडतोच. मग त्या पट्ट्यात मुळातच उणा किंवा चढा असलेला स्पीकर अशा वेळी ओळखायचा कसा? त्यात रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेला हॉलचा घुमारा असतो. तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा असल्यामुळे खोली मोठी झाल्याचा भास होतो, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या त्या कौशल्याचं श्रेय आपण स्पीकरच्या पदरात टाकतो.

हा नुसता तर्क नाही. कॅनडात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून, पातळी सारखी करून, श्रोत्यांकडून गुण घेतले. एकेकटे ऐकताना श्रोत्यांनी स्पीकरांमधला फरक स्पष्टपणे सांगितला. तेच स्पीकर जोडीने लावले तेव्हा फरक आक्रसला. क्रम मात्र फारसा बदलला नाही, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एकट्याने चांगला ठरलेला स्पीकर जोडीतही चांगलाच ठरतो. एकट्याने लंगडा ठरलेला जोडीत आपला दोष झाकून घेतो. पुढे हर्मन कंपनीत टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर असे ऐकवले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा एक लहानसा, स्वस्त संच डोळ्यांना दिसताच खाली घसरला. त्या श्रोत्यांना ऐकण्याची सवय नव्हती असंही नाही. म्हणून शोरूममध्ये डोळे मिटून, दुसऱ्या कुणाला तरी स्पीकर बदलायला सांगून ऐकावं. पातळीकडेही कडक लक्ष हवं. एका स्पीकरची संवेदनशीलता ८२ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी न हलवता दुसरा कितीतरी मोठा वाजेल, आणि मोठा वाजणारा नेहमीच अधिक जिवंत वाटतो. तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला सहापटीहून जास्त वीज लागते. तो अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न झाला, त्यावरून गुणवत्ता ठरत नाही.

एकटा स्पीकर लावल्यावर काय ऐकायचं? सुरुवात माणसाच्या बोलण्यापासून करावी. बीबीसीच्या इंजिनिअरांनी स्टुडिओतला निवेदक आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज असे ताडून आपले मॉनिटर घडवले, कारण बोलण्यातला खोटेपणा कान लगेच पकडतो. एखादं पुरुषी आवाजातलं निवेदन लावावं आणि स्पीकरसमोरून हळूहळू बाजूला, अगदी कडेच्या भिंतीपर्यंत चालत जावं. आवाज मंद होईल, वरची चमक कमी होईल, ते ठीक. पण मधेच तो नाकातला किंवा कर्कश होऊ लागला तर सावध व्हावं. साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्वीटर असलेल्या नेहमीच्या टू-वे स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो. अडीच हजारला लहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास त्या वूफरएवढीच. त्यामुळे तो आवाज पुढच्या दिशेला एकवटायला लागलेला असतो. त्याच्यावरचा पट्टा सांभाळणारा छोटा ट्वीटर मात्र चौफेर फेकतो. समोर बसणाऱ्याला सांधा कळत नाही, कडेच्या भिंतीला कळतो, आणि ती भिंत तोच बिघडलेला आवाज आपल्याकडे परत पाठवते. चांगले कारागीर इथेच पैसा आणि बुद्धी खर्च करतात. कुणी ट्वीटरभोवती उथळ कर्णा कोरतो, तर केईएफने १९८८ पासून युनि-क्यूमध्ये ट्वीटर वूफरच्या केंद्रातच बसवला.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला: आम्ही ऐकणार स्टिरिओ, मग मोनोवर निकाल का? खोली, रुंदी, वाद्यांच्या जागा हे सगळं जोडीशिवाय कसं कळणार? ते जोडीशिवाय कळत नाही हे खरंच, आणि जोडी शेवटी ऐकायचीच आहे. पण त्या गुणांचा मोठा भाग रेकॉर्डिंगमधून आणि बाजूला फेकलेल्या आवाजाच्या प्रतीतून येतो, आणि ती प्रत एकट्या स्पीकरवर तपासून झालेली असते. शिवाय आपल्या ऐकण्यातलं बरंच काही मोनोच आहे. आकाशवाणीवरची जुनी ध्वनिमुद्रणं, ७८ची तबकडी, सुरुवातीच्या एलपी यांत डावं-उजवं नाहीच. तिथे गायकाचा गळा हाच सगळा ऐवज. जोडी आल्यावर असंच एखादं रेकॉर्डिंग लावून पाहावं. गायक एका जागी ठाम बसला पाहिजे. तो पसरट झाला तर दोन स्पीकर जुळत नाहीत किंवा दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या नाहीत.

आवड ज्याची त्याची, हा दुसरा आक्षेप मला तितकासा पटत नाही. गाण्याची आवड ज्याची त्याची. पण पडद्याआड बसवलं की वेगवेगळ्या वयाचे आणि पेशांचे लोक बहुतांशी त्याच स्पीकरांकडे झुकतात: ज्यांचा समोरचा आवाज समतोल असतो आणि बाजूचा त्याच्याशी इमान राखून उतरत जातो. डिजिटल दुरुस्तीने सगळं सुधारता येतं, असंही सांगितलं जातं. तिने समोरचा आणि बाजूचा आवाज एकदमच बदलतो, त्यामुळे त्या दोघांतली तेढ तशीच राहते.

साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली मात्र ही सगळी पारख शोरूममध्ये निरुपयोगी आहे, कारण तिथे राज्य खोलीचं. १६ फूट लांबीच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेचा दुसरा अनुनाद ७० हर्ट्झच्या आसपास पडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो खर्ज फुगतो. तोच सोफा चार फूट पुढे ओढला तर त्याचा मूळ स्वर जवळपास नाहीसा होतो. जवारीमुळे वरचे स्वर इतके असतात की कान षड्ज ओळखतोच, पण गाण्याखालची जमीन गेलेली असते. ही फुगवटी डिजिटल दुरुस्तीने कापता येते. खड्डा भरत नाही, तिथे खुर्चीच सरकवावी लागते. १० बाय १० ची खोली याहून अवघड: दोन्ही बाजू ५६ हर्ट्झला आणि साडेनऊ फुटी छत ५९ला, तिघं एकाच ठिकाणी जमतात आणि डग्ग्याची घुमक लांबत राहते. अशा खोलीत माणसाच्या उंचीचा, अगदी खालपर्यंत जाणारा फ्लोअरस्टँडर आणणं म्हणजे त्या गर्दीत आणखी माणसं घालणं. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा जेमतेम पाच लिटरचा एलएस३/५ए बनवला. खाली तो फार जात नाही, आणि नेमक्या याच कारणाने तो छोट्या खोलीत अजूनही इतका शोभतो.

परदेशी परीक्षणं वाचताना हेही लक्षात घ्यावं. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती खालचा आवाज बराचसा शोषतात आणि बाहेरही जाऊ देतात. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या विटांच्या भिंती आणि आरसीसीचा स्लॅब तो आतच कोंडून ठेवतात. तिकडच्या परीक्षकाला बेस किंचित हडकुळा वाटलेला स्पीकर आपल्याकडे अनेकदा बरोबर बसतो. ज्याच्या भरघोस बेसचं त्याने कौतुक केलं, तो घरी आणून, एकच आणून, आपल्या भिंतींत आठवडाभर वाजवल्याशिवाय घेऊ नये, आणि एवढी मुभा देणारा डीलर दहा टक्के सूट देणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा.