परक्या भिंतीवरचा उजेड

वकिलीत वीस वर्षे काढल्यावर माणसाला लहान वस्तूंचा धाक वाटू लागतो. वीतभर रुंदीचा बोळ, आंब्याची एखादी फांदी, पन्हळीतून शेजारी पडणारे पाणी, एवढ्यातेवढ्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविताना आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून दिवाळीस निपाणीच्या घरी आलेल्या आमच्या पुतण्याने सुपारीच्या डबीपेक्षा किंचित मोठे असे एक यंत्र, “काका, यात थिएटर आहे,” असे म्हणत आमच्या तळहातावर ठेविले, तेव्हा आम्ही त्याकडे प्रथम संशयानेच पाहिले.

त्या प्रोजेक्टरची करामत समजावून घेण्यात आमचा एक रविवार गेला. आत केसाच्या जाडीहूनही बारीक असे काही लाख आरसे बसविलेले असतात. प्रत्येक आरसा क्षणाक्षणाला मान वळवून उजेड भिंगाकडे तरी धाडतो, नाही तर बाजूला तरी टाकतो. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकामागून एक इतक्या त्वरेने लागतात व विझतात की डोळा फसतो. ही आरशांची युक्ती १९८७ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी काढली. तथापि भिंतीवर उजेड खेळविण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याने पडद्यावर पाडून हलती करून दाखविली आणि त्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. ते नाव या डबीला शोभले असते. परंतु पुतण्याला ते उच्चारता येईना. असो.

या यंत्राचा मोठा दोष असा की त्याचा उजेड तुटपुंजा. चित्राची रुंदी दुप्पट करावी तर क्षेत्रफळ चौपट होते आणि तेज एकचतुर्थांशावर येते. दिवेलागणीलाही चित्र धड दिसत नाही. पुरता अंधार पडेपर्यंत थांबावे लागते, घरातले दिवे मालवावे लागतात आणि सर्वांना दाटीवाटीने जवळ बसावे लागते. आम्हांस विचाराल तर हाच त्याचा गुण! मोबाईल आल्यापासून आमच्या घरात पाच माणसे पाच कोपऱ्यांत पाच निरनिराळी चित्रे पाहत असत आणि जेवणाच्या ताटावर काय ती गाठ पडे.

प्रश्न उरला भिंतीचा. आमच्या घराच्या भिंतींना पोपडे आलेले. त्यांवर पात्रांचे चेहरे देवीच्या वणांनी भरल्यासारखे दिसू लागले. सपाट, पांढरी, खिडकी नसलेली अशी एकच भिंत परसात समोर उभी होती, ती शेजाऱ्यांची. तिच्या पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडाव्यात यावरून आमच्या आजोबांचा आणि त्यांच्या आजोबांचा वाद झाला होता. तो मिटला तरी बोलणे लग्नकार्य आणि मर्तिक यांपुरतेच उरले. त्यांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी; तंबाखूच्या वखारीत मात्र दोघेही दोन्ही भाषा बोलतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्या दिवसापासूनचा दुरावाही त्या भिंतीत थोडाफार मुरलेला असणारच.

परक्या भिंतीवर उजेड पाडणे हे अतिक्रमण होते काय, याचा आम्ही धंद्याच्या सवयीने विचार केला. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीतून आत येणारा उजेड होता, आपण दुसऱ्याच्या घरावर टाकलेला नव्हे. फार तर उपद्रवाचा दावा होईल, असे आमचे मत पडले. तरीही विचारलेले बरे म्हणून आम्ही स्वतः त्यांच्या दारी गेलो. थोरले गृहस्थ ओसरीवर होते. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “खिळा तेवढा मारू नका, वकीलसाहेब. उजेड काय, बंद केला की गेला.”

मुलांना हाणामारीचा चित्रपट हवा होता. आम्ही प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. तो १९३६ चा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, तेव्हा येथे तरी कोणाची हरकत येण्याचे कारण नव्हते. शिवाय प्रभात मूळची कोल्हापूरची, म्हणजे आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरांवरची. तिचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरातच तयार झाला. आणि पडद्यावर आलेला पहिला कन्नड बोलपट, १९३४ चा ‘सती सुलोचना’, त्याचेही चित्रण कोल्हापुरातच झाले होते. ही गोष्ट आम्ही शेजाऱ्यांना मुद्दाम सांगितली. त्यांनी मान हलविली. परंतु विश्वास बसलेला दिसला नाही.

त्यांची नातवंडे प्रथम त्या भिंतीवरच पाय सोडून बसली होती. तेथून चित्र दिसेना, म्हणून उतरून आमच्या परसात आली. मागोमाग त्यांची अज्जी स्वतःचा पाट घेऊन आली. त्या घरातले माणूस कार्याशिवाय आमच्या परसात बसलेले आम्ही जन्मात प्रथमच पाहिले. विष्णुपंत पागनीस पडद्यावर डोळे मिटून गाऊ लागले तेव्हा तिने दोन्ही हात जोडले. तिला विठ्ठल परका वाटण्याचे कारणच नव्हते. पुरंदरदासांच्या पदांतूनही तोच विठ्ठल आहे.

चित्रपट सव्वादोन तासांच्या घरात जातो. डबीची बॅटरी दोन तासांची. तुकोबांच्या वैकुंठगमनाची वेळ आली आणि भिंत एकदम काळी झाली. तार जोडायला घरात जावे, तर नेमकी वीजही गेलेली. मुलांनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात अंधारातून अज्जीचा आवाज आला. ती पुढची कथा आपल्या नातवंडांना कन्नडमधून सांगू लागली होती. आमची मुले शाळेत कन्नड शिकतात. तीही सरकत सरकत तिच्या पाटाशी गेली, आणि तुकोबांबरोबर आवली का गेली नाही, असे धाकटीने तिला विचारले.