समोर बसलेलं माणूस

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या कडांमधून झिरपणारा लालसर उजेड आणि चेहऱ्यावर त्याची मऊ झळ. चित्रापुढे गर्दी असते आणि त्या गर्दीत कुणीतरी हमखास सोबतच्याला सांगतं, “राजा रविवर्मा!” रविवर्मा 1906 मध्ये वारले. हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी काढलं, तेही जलरंगात. दिवा घेऊन उभी होती ती त्यांची मुलगी गीता. पुढे ती आमच्या कोल्हापूरची झाली आणि 2018 मध्ये, शंभरी ओलांडून, गेली.

जलरंगातला उजेड म्हणजे कागदाचा राखून ठेवलेला पांढरेपणा. तिथे एकदा रंग गेला की गेला. तैलरंगात चूक झाकता येते, इथे येत नाही. एवढ्या अवघड वाटेनं जाऊन हळदणकरांनी ते चित्र काढलं आणि आज ते चित्र सगळ्यांना माहीत आहे, हळदणकर कुणालाच नाहीत. मला हे कळलं ते आमच्या सरांमुळे. त्यांच्या खोलीत या चित्राची कॅलेंडरातून कापलेली, कडा पिवळ्या पडलेली छपाई भिंतीला डकवलेली होती. ‘रविवर्मा’ म्हणणाऱ्याला ते आधी पाणी द्यायचे आणि मग अर्धा तास सोडायचे नाहीत.

सर शाळेत चित्रकला शिकवत. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या पोरांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पण त्यांचा खरा जीव व्यक्तिचित्रात. शिवाजी पेठेत, जिना चढून वर, उत्तरेकडून उजेड येणारी एक खोली. आत शिरलं की टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास. कॅनव्हास विकत आणणं त्यांना परवडत नसे आणि आवडतही नसे. मांजरपाट चौकटीवर ताणायचा, सरस शिजवून त्याचा हात द्यायचा, वाळला की पांढऱ्याचं अस्तर, पुन्हा घासायचं, पुन्हा अस्तर. आम्ही पोरं कंटाळायचो. रंगाला हात लागायला महिने जात. आधी कोळशानं रेखाटन, तेही प्लॅस्टरच्या एका नाक फुटलेल्या ग्रीक मुंडक्यावरून. खोडायला पावाचा गर. पाव शिळा झाला की आम्ही तो चहात बुडवून खायचो, हे त्यांना ठाऊक असावं, कारण ते मुद्दाम जास्त आणत.

“डोळे किलकिले करून बघ,” हे त्यांचं पालुपद. किलकिल्या डोळ्यांना तपशील दिसत नाही, फक्त छाया आणि प्रकाश दिसतो. कुठला भाग किती गडद ते कळतं. पापण्या, भुवया, केस हे सगळं नंतर. चेहरा जुळत नाहीसं वाटलं की ते चित्र सरळ उलटं टांगत किंवा पाठीमागच्या आरशात बघायला लावत. ओळखीचा चेहरा अनोळखी झाला की चुका आपोआप वर येतात. आणि दर थोड्या वेळानं मागे सरकायचं. त्या खोलीत ईझलपासून दारापर्यंत फरशीवर त्यांच्या मागे सरकण्याची झिजलेली वाट होती, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

समोर बसायला माणसं कुठून आणायचे? कपिलतीर्थ मंडईतून. भाजीवाली, हमाल, एक बहिरा कासार. त्यांना दिवसाची मजुरी मिळे. सर त्यांच्याशी गप्पा मारत, पण नजर बोलण्यात नसे, गालफडावर असे. एका म्हातारीला त्यांनी कितीतरी दुपारी बसवलं. मी विचारलं, इतकं काय आहे हिच्यात? म्हणाले, “मला काय माहीत? बघतोय अजून.”

हे बघणंच गेलं, असं मला वाटतं. चित्रं टिकलीत बरीचशी.

त्या काळात या कलेबद्दल बोलताना जाणकार मंडळी एक विशिष्ट हसू हसत. एका प्रदर्शनातून सरांचं चित्र परत आलं, तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी एकानं त्यांना समजावलं, “हुबेहूबच हवं तर फोटो काढावा की.” सर काही बोलले नाहीत. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. कॅमेरा समोरच्या माणसाचा एक क्षण घेतो. त्या म्हातारीच्या चित्रात अनेक दुपारी होत्या: तिची झोप, तिचा वैताग, घरी पडलेल्या सुनेची काळजी. ते सगळं एका चेहऱ्यात बसवणाऱ्या हाताला नक्कल करणारा हात म्हणायचं?

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा होता. ही तुमची परंपरा तरी कसली, साहेबाबरोबर आलेली, 1857 ला सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधली! खरं आहे. पण पेटीही परदेशातूनच आली. म्हणून आपलं गाणं विलायती झालं का? चित्रकार धुरंधरांनी लग्नाचे मांडव रंगवले, त्रिंदादांनी आपल्या घरातली माणसं रंगवली, आणि तेलरंग इथल्या कातडीत मुरला. ज्यांना ही आयात खुपत होती, त्यांनी पॅरिसहून आलेला क्युबिझम मात्र कस्टममध्ये कधी अडवला नाही.

1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. सूझांची रेघ बघितली की हात किती तयार होता ते कळतं. रझांची सुरुवातीची जलरंगातली निसर्गचित्रं, हुसेन यांनी रंगवलेली सिनेमाची होर्डिंगं, 1948 ला जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडलेले गायतोंडे: ही माणसं काय मोडतायत हे त्यांना नीट माहीत होतं, कारण ते त्यांच्या हातात होतं. गायतोंड्यांच्या एखाद्या चित्रापुढे मी मुकाट्यानं उभा राहतो. माझं दुखणं त्यांच्या मागून आलेल्यांचं आहे. त्यांनी बंड वारशात घेतलं आणि तालीम कालबाह्य म्हणून गुंडाळून ठेवली. आधी स्वतःची शैली शोधा, असं विशीतल्या पोरांना सांगितलं गेलं. कान काढता येत नाही त्यानं शैली कुठून शोधायची? म्हणून मग निवेदनं लांबत गेली. हल्ली काही प्रदर्शनांत चित्रापेक्षा शेजारचा मजकूर वाचायला जास्त वेळ लागतो.

वासुदेव कामतांना 2006 मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार मिळाला, पत्नीच्या व्यक्तिचित्राला. सरांनी ती बातमी कापून हळदणकरांच्या शेजारी लावली आणि आम्हा सगळ्यांना फोन केले. त्यांना कोल्हापूरचा अभिमान फार. आबालाल रहिमान हे त्यांचं दैवत. शाहू महाराज 1922 ला गेले, त्यानंतर आबालाल यांचे दिवस हलाखीचे झाले, तरी कोटीतीर्थाच्या काठी ते चितारत राहिले. सर आम्हाला तिथे घेऊन जायचे आणि पाण्यावरचा सकाळचा उजेड दाखवून म्हणायचे, “हा त्यांचा मास्तर.”

सर गेले ते पावसाळ्यात. त्यांच्या मुलाला खोली भाड्यानं द्यायची होती. त्याचं काही चुकलं नाही, पोटाला खोलीच लागते. चित्रं हलवायला आम्ही जुने विद्यार्थी जमलो. एका संस्थेला विचारलं, त्यांच्याकडे जागा नव्हती. कार्यालयांतली नेत्यांची तैलचित्रं तोवर फ्लेक्सनं खाली उतरवली होती, तिथे कोण विचारणार? सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, “ज्याचं तोंड आहे त्याला द्या.”

मग आम्ही मंडईत चौकशी केली. त्या म्हातारीचा नातू सापडला. टोमॅटोचा घाऊक धंदा करतो. आला, चित्र भिंतीला टेकवलेलं होतं, उकिडवा बसला.

“आज्जीच की ही. आमच्यात हिचा फोटो न्हाई ओ एकबी.”

मग बोट न लावता भुवईजवळची एक बारीक रेघ दाखवली. “हितं विळा लागल्याला. मला आठवतंच न्हवतं बघा.”

काकूंनी चहा ठेवला. पैशांवरून त्याची आणि मुलाची जरा जुंपली. मुलगा घ्यायला तयार नाही, हा फुकट न्यायला तयार नाही. शेवटी चौकटीचे म्हणून काही घेतले. जाताना त्यानं विचारलं, ऊन लागलं तर रंग उडतो का. मी म्हटलं, थेट उन्हात लावू नका, आणि ओल्या फडक्यानं पुसू नका.

“मग कशानं पुसायचं?”

“कोरड्या मऊ ब्रशनं. हलक्या हातानं.”

त्यानं ते बायकोला तिथूनच फोन करून सांगितलं.