पैचा ताळा

जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैचा फरक आला आणि तो सापडेपर्यंत एकनाथांनी रात्र जागवली, ही आख्यायिका मराठी मनात खोल रुजलेली आहे. किल्ल्याच्या कारभारात एका पैला मोल ते काय? एकूण जमा आणि एकूण खर्च ढोबळ मानाने जुळला की व्यवहारी माणसाचे समाधान होते. एकनाथांचे झाले नाही. त्यांना प्रत्येक नोंद खरी हवी होती. एकूण बेरजेचा मेळ आणि एकेका नोंदीचा मेळ यांतला हाच भेद विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भौतिकशास्त्रापुढे उभा राहिला. तेथे प्रश्न होता तो सृष्टीच्या कीर्दीचा.

सेंट लुईस येथील विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांनी मॉलिब्डेनमपासून निघणारे क्ष-किरण ग्राफाइटवर सोडले. १९२३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता, की विखुरलेल्या किरणांपैकी काहींची तरंगलांबी मूळ किरणांहून अधिक भरते आणि वळणाचा कोन वाढेल तसतशी ही वाढही मोठी होते. काटकोनात वळलेल्या किरणांत ती सुमारे ०.०२४ अँगस्ट्रॉम होती. तरंगलांबी वाढणे म्हणजे ऊर्जा घटणे. येथे शंभरातले सुमारे तीन भाग कमी झाले होते. ते गेले कोठे? कॉम्प्टन यांचे उत्तर सरळ होते. प्रकाशाचा एक कण, ज्याला पुढे फोटॉन हे नाव मिळाले, एका इलेक्ट्रॉनवर आदळतो. त्याने गमावले तेवढेच इलेक्ट्रॉन कमावतो आणि दूर फेकला जातो. ऊर्जेबरोबर संवेगाचाही ताळा जुळावा लागतो. म्हणूनच मोकळा इलेक्ट्रॉन फोटॉनला अख्खा गिळू शकत नाही: ऊर्जेची बाजू जुळवावी तर संवेगाची चुकते. त्याला काही घेऊन उरलेले परत द्यावेच लागते.

परंतु प्रकाशाला कण मानणे अनेकांना जड जात होते, आणि नील्स बोर हे त्यांतले अग्रणी होते. १९२४ साली कोपनहेगन येथे बोर, क्रेमर्स आणि तरुण अमेरिकन संशोधक स्लेटर यांनी एक धाडसी मत मांडले. प्रकाश तरंगच राहील. मात्र ऊर्जेच्या आणि संवेगाच्या अक्षय्यतेचे नियम एकेका घटनेत पाळले जातात असे मानण्याचे कारण नाही. असंख्य घटनांची सरासरी घेतली म्हणजे ते खरे ठरतात, इतकेच. इलेक्ट्रॉन आज उडेल, किरण तेव्हाच विखुरेल असे नाही. वर्षअखेर खाते जुळले की झाले. आइन्स्टाइन यांना हा सारा विचार रुचला नाही. किरणांच्या माऱ्यात सापडलेला इलेक्ट्रॉन केव्हा आणि कोणत्या दिशेला उडी घ्यायची हे स्वेच्छेने ठरवत असेल, तर भौतिकशास्त्रज्ञ असण्यापेक्षा जोडे शिवणे किंवा जुगारगृहात चाकरी करणे बरे, अशा आशयाचे पत्र त्यांनी माक्स बोर्न यांना लिहिले.

वाद मोठ्यांचा होता, पण निर्णय प्रयोगाने द्यायचा होता. बर्लिनमध्ये वाल्टर बोटे आणि हान्स गायगर यांनी दोन गणित्रे समोरासमोर ठेवली. मध्ये हायड्रोजन वायू. त्यातून क्ष-किरणांची शलाका जाई. एक गणित्र उडालेल्या इलेक्ट्रॉनची नोंद घेई, दुसरे विखुरलेल्या किरणाची. प्रश्न एकच: दोन्ही नोंदी एकाच क्षणी होतात काय? सरकत्या फिल्मवर हे ठोके उमटत, आणि फिल्म इतकी लागे की वाळत घातलेल्या पट्ट्यांमुळे प्रयोगशाळा कधी कधी धुलाईच्या कारखान्यासारखी दिसे, असे बोटे यांनी पुढे सांगितले. त्या पट्ट्यांनी १९२५ साली निःसंदिग्ध उत्तर दिले. नोंदी जोडीने होत होत्या, केवळ योगायोगाने व्हाव्यात त्याहून कितीतरी अधिक वेळा. त्याच वर्षी शिकागो येथे कॉम्प्टन आणि सायमन यांनी बाष्पकोठीत पाहिले, की इलेक्ट्रॉन ज्या दिशेने उडतो तिच्याशी विखुरलेल्या किरणाची दिशाही संवेगाच्या नियमाप्रमाणे जुळते. सृष्टी सरासरीवर भागवत नव्हती.

बोर यांनी पराभव आडपडदा न ठेवता स्वीकारला. आपल्या प्रयत्नाला सन्मानाने मूठमाती द्यावी, असे त्यांनी एप्रिल १९२५ मध्येच एका पत्रात लिहिले. किरणोत्सारी अणूतून बाहेर पडणाऱ्या बीटा कणांच्या ऊर्जेचा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांच्या मनात तीच शंका पुन्हा डोकावली. वोल्फगांग पाउली यांनी मात्र १९३० साली नियमावर भरवसा ठेवला आणि उणी पडणारी ऊर्जा न दिसणारा एखादा कण नेत असावा असे सुचवले. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ साली प्रयोगात सापडला.

भारतातही या हिशेबाचे एक पान लिहिले गेले. कॉम्प्टन १९२६-२७ मध्ये लाहोर येथे वास्तव्यास होते. १९२८ च्या फेब्रुवारीत कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि कृष्णन यांना विखुरलेल्या दृश्य प्रकाशात बदललेल्या रंगाच्या रेषा आढळल्या. कॉम्प्टन यांची तरंगवाढ दृश्य प्रकाशाच्या मानाने लाखात एखाद्या भागाएवढीही नसते. हा बदल तिचा नव्हता. येथे प्रकाशाने गमावलेला वाटा रेणूच्या कंपनाला मिळाला होता. प्रकाशाचे उणे वाचून रेणूचे अंतरंग कळू लागले, ते एकेका व्यवहाराचा ताळा अचूक असतो म्हणूनच.

तरीही बोर सर्वस्वी चुकले नव्हते. फोटॉन कोणत्या कोनात वळेल, हे आजही आधी सांगता येत नाही. शक्यता तेवढी सांगता येते. एकेक घटना अनिश्चित आहे, पण बेहिशेबी नाही. फोटॉन कोणत्याही वाटेने गेला, तरी त्या वाटेचे मोल इलेक्ट्रॉनच्या खाती तत्क्षणी जमा झालेले असते.