आरामाचा हिशेब

मोटारसायकल घेणाऱ्याला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. किती देते? कितीला पडली? आणि किती पळते? पहिला प्रश्न वडीलधाऱ्यांचा, दुसरा शेजाऱ्यांचा आणि तिसरा कॉलेजच्या पार्किंगमध्ये तळ ठोकून बसलेल्या मित्रमंडळींचा. तिन्हींची उत्तरे आकड्यांत देता येतात, म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे प्रश्न आवडायला हरकत नाही. परंतु गेले चार महिने मी ज्या प्रश्नाच्या मागे लागले आहे तो चौथा आहे, आणि त्याचे उत्तर एकाही माहितीपत्रकात छापलेले मला आढळले नाही. तो प्रश्न असा : या गाडीवर रोज सहा तास, असे सलग पाच दिवस बसता येईल काय?

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगते. आमच्या आप्पांकडे एकेकाळी येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातली, दोन धुरांड्यांची. जिच्या एकाच दांडीने किकही मारता येई आणि पुढे तीच दांडी गिअरचे काम करी. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण आप्पांची येझदी त्यानंतरही बरीच वर्षे धावत होती. तिच्यावरून कन्याकुमारीला जायचे असा त्यांचा बेत होता. दुकान, घर, आजीचे आजारपण यांतून तो बेत बेंगळुरूच्या पुढे कधी सरकला नाही, आणि ताईच्या लग्नाच्या वर्षी गाडीच विकली गेली. आज आप्पा सत्तावन्न वर्षांचे आहेत. कमरेच्या मणक्यांत दोष निघाला आहे. एका जागी तासाभरापेक्षा जास्त बसू नका असे डॉक्टरांनी बजावले आहे. आणखी दोन-चार वर्षांनी तो एक तासही उरेल की नाही, सांगवत नाही. तेव्हा भिशीचे पैसे हातात आले त्या दिवशी ते मला म्हणाले, “गाडी तूच बघ. फक्त मला मागं बसता येतंय काय, तेवढं बघून घे.” शिकवण्यांतून साठवलेले माझे पैसे त्यात मिळवले आणि मी शोधाला लागले. अर्धी वाट मी चालवणार, अर्धी ते. म्हणजे गाडी एक आणि देह दोन. माझी उंची पाच फूट चार इंच, आप्पांची पाच फूट दहा.

आता तुम्ही म्हणाल, मग गुबगुबीत सीटची गाडी बघावी आणि मोकळे व्हावे! मलाही बहुतेकांनी हेच सांगितले. पण मुळात ‘आराम’ या शब्दातच थोडा घोटाळा आहे. मराठीत आराम म्हटले की लोड, तक्के आणि दुपारची झोप डोळ्यांपुढे येते. कष्टाळू माणसाला त्या शब्दाची थोडी लाजच वाटते. आमच्या भागातल्या कन्नडमध्ये मात्र भेटलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘आराम अदीरेन्री?’ असाच असतो. तिथे आराम म्हणजे प्रकृती, खुशाली. मराठीतही ‘औषधाने आराम पडला’ असे आपण म्हणतोच की. मला वाटते, लांबच्या प्रवासाची गाडी निवडताना हा दुसरा अर्थच धरून चालले पाहिजे. कंबर ठणकू लागली की चालवणाऱ्याचे अर्धे लक्ष रस्त्यावरून उडते आणि कमरेत जाऊन बसते. मनगटे बधिर झाली की ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होतो. म्हणजे गाडीवरचा आराम हा सुरक्षिततेचाच एक भाग ठरतो. चैनीच्या खात्यावर तो टाकणे हा चुकीचा जमाखर्च होय.

परदेशांत यासाठी गाड्यांची एक वेगळी जातच आहे. तिला स्पोर्ट टूरर म्हणतात. वेग शर्यतीच्या गाडीच्या जवळचा, पण बैठक दूरच्या प्रवासाची, असे तिचे वर्णन करता येईल. बी.एम.डब्ल्यू.ने १९७६ साली आणलेली आर १०० आर.एस. ही गाडी या जातीच्या पूर्वजांत गणली जाते. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन तिचे पुढचे आवरण घडवले होते. हेतू हा की ताशी दीडशेच्या पुढेही वाऱ्याचा मारा चालवणाऱ्याच्या छातीवर येऊ नये. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणून जर्मनीतल्या त्या रस्त्यांवर आवरण ही पहिली गरज ठरली.

आपला हिशेब मात्र निराळा आहे. २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घातली आहे. ताशी १६० च्या तुलनेत या वेगाला वाऱ्याचा मारा एक चतुर्थांश. शर्यतीच्या गाड्यांवर पुढे झुकून बसावे लागते, त्यातली एक गंमतही इथेच कळते. भरधाव वेगात समोरचा वारा छातीला आधार देतो आणि हातांवरचा भार कमी करतो. साठ-सत्तरच्या वेगात तो आधार मिळत नाही. सगळा भार मनगटांवर येतो. म्हणजे जी बैठक तिकडे सुखाची, तीच संकेश्वर-निपाणीच्या रस्त्यावर दुखण्याची होऊ शकते. आपल्या रस्त्यावर वाऱ्यापेक्षा मोठे शत्रू दुसरेच : खड्डे, गावागावांतले गतिरोधक आणि पुलाच्या तोंडाशी खचलेला रस्ता.

गाड्या पाहायला निघण्यापूर्वी मी उद्यमबागेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांना गाठले. सोबत वहीत रकाने आखून नेले होते : अश्वशक्ती, वजन, टाकी, मायलेज. त्यांनी वहीकडे पाहिलेही नाही. हात पुसत एवढेच म्हणाले, “मोदल कूत नोडप्पा.” आधी बसून तर बघ! मग बाकावर बसवून त्यांनी मला तीन बिंदू समजावून दिले : सीट, हँडल आणि फूटरेस्ट. या तिघांचा त्रिकोण आपल्या अंगाला जमला पाहिजे. फूटरेस्ट फार मागे असले की गुडघे दुमडून आखडतात. फार पुढे असले तर पाय मोकळे राहतात खरे, पण खड्ड्यात पायांवर जोर देऊन अंग किंचित उचलता येत नाही, आणि बसणारा प्रत्येक दणका थेट माकडहाडातून पाठीत चढतो. सीटचेही तसेच. बोटाने दाबून मऊ लागणारा फोम तासाभरात चेपून सपाट होतो, आणि मग आपण खालच्या पत्र्यावरच बसतो. थोडी टणक आणि रुंद सीट पहिल्या पाच मिनिटांत रुचत नाही. तिसऱ्या तासाला तिची किंमत कळते.

अर्थशास्त्रात मागणीचा नियम सांगताना ‘इतर परिस्थिती कायम असताना’ अशी एक अट घालतात. वर्गात ती मला नेहमी पळवाट वाटायची. गाड्या पाहताना मात्र ती फार उपयोगी पडली. सुझुकीच्या जिक्सर एस.एफ. २५० आणि व्ही-स्ट्रॉम एस.एक्स. या दोन गाड्यांत इंजिन एकच आहे, २४९ सी.सी.चे. म्हणजे इतर परिस्थिती जवळजवळ कायम. बदलते ती बैठक. पहिलीला आवरण आहे, अंग किंचित पुढे झुकते, चालवायला मला ती विलक्षण आवडली. स्पोर्ट टूरर हे नाव माझ्या ऐपतीतल्या कुठल्या गाडीला शोभत असेल तर तिलाच. पण तिची मागची सीट वेगळी, उंच आणि आखूड. आप्पा तिच्यावर बसले आणि कमरेला हात लावून लगेच उतरले. दुसरीवर ताठ बसता येते, मागची जागाही ऐसपैस, आणि तिचे शॉक ॲब्झॉर्बर खड्डे छान गिळतात. आप्पा खूश झाले. पण तिच्या सीटची उंची ८३५ मिलिमीटर. माझ्या एकाच पायाचा चवडा कसाबसा जमिनीला टेकत होता. मागे आप्पा, बाजूला सामान आणि चढावर गाडी थांबली तर काय, हा विचार मनात आला आणि मी किल्ली परत केली.

रॉयल एनफिल्डची मिटिओर ३५० हिच्या उलट. सीट ७६५ मिलिमीटरवर, दोन्ही पाय सपाट जमिनीवर, बसल्याबरोबर घरच्यासारखे वाटले. परंतु तिचे फूटरेस्ट पुढे आहेत. मला त्याचे काही वाटले नाही, आप्पांनी हँडल हातात घेऊन एका गतिरोधकावरून गाडी नेली आणि परत आल्यावर म्हणाले, “गाडी चांगली हाय गं, पण माझ्या पाठीला विचारलीस तर ती नको म्हणतीया.” नव्या येझदीचाही विषय निघाला. २०२२ साली ते नाव पुन्हा बाजारात आले, तेव्हापासून आप्पांच्या मनात ते घोळत होते. ती दुरूनच पाहून ते म्हणाले, “नाव तेच हाय, गाडी नव्हे,” आणि तो विषय त्यांनी स्वतःच मिटवला.

मोठ्या गाड्यांचा मोह झाला नाही असे नाही. हिमालयन ४५० आणि त्याच कंपनीच्या ६५० सी.सी.च्या जोडसिलिंडर गाड्या यांचा कंप कसा सौम्य असतो, ते मित्रांकडून ऐकले होते. इथे मात्र माझ्यातली वाणिज्य विद्यार्थिनी जागी झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्तासुद्धा ३५० सी.सी.ची रेघ ओलांडली की १,३६६ रुपयांवरून २,८०४ वर जातो. ८० च्या मर्यादेत चालणाऱ्या प्रवासासाठी हा जादा भार उचलणे माझ्या वहीत कुठेच बसेना.

शेवटी होंडाच्या सी.बी. ३५० शी येऊन आम्ही थांबलो. दिसायला जुन्या वळणाची. तिला स्पोर्ट टूरर म्हटले तर पार्किंगमधली मंडळी हसतील. पण सीट ८०० मिलिमीटरवर, माझे दोन्ही चवडे टेकतात. फूटरेस्ट ना पुढे ना मागे. मागची जागा सलग आणि रुंद. वजन मात्र १८० किलोच्या आसपास. गाडी हाताने मागे ढकलताना मला घाम फुटतो, हे नाव्याच्या बाजूला लिहून ठेवले आहे. तरीही शोरूमच्या फेरीवर विसंबून पैसे मोजायला मी तयार नव्हते. पाच मिनिटांत कुठलीच गाडी दुखत नाही. ओळखीच्या एकांची तीच गाडी एका रविवारी मागून घेतली आणि आम्ही बापलेक कोल्हापूरला जाऊन आलो. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. दर पन्नास मिनिटांनी थांबायचे, प्रत्येक थांब्यावर आपापल्या अंगाची नोंद वहीत करायची असे ठरले. माझ्या रकान्यात ‘उजवा तळहात, किंचित मुंग्या’ अशी एक नोंद आहे. एका सिलिंडरच्या गाडीत इतका कंप यायचाच, आणि वेग थोडा कमी केला की तो निवत होता. आप्पांच्या रकान्यात तवंदी घाटानंतर ‘कंबर जड’, आणि परतीच्या वाटेवर दोनदा ‘बरे’. रात्री घरी आल्यावर आईने त्यांना जिना चढताना निरखून पाहिले आणि काही न बोलता चहा टाकला. आमच्या घरात मंजुरी अशीच मिळते.

प्रवासाचा आराखडाही त्याच वहीतून तयार झाला. पूर्वी मी तीन दिवसांचा बेत धरला होता. आता पाच दिवस धरले आहेत. दावणगेरे, बेंगळुरू, सेलम, मदुराई आणि कन्याकुमारी. एकूण सुमारे बाराशे किलोमीटर, पण कोणताच टप्पा दोनशे सत्तरच्या पुढे जात नाही. टाकी पंधरा लिटरची आहे, म्हणजे पेट्रोल संपण्याच्या कितीतरी आधी माणूस थकणार. तेव्हा थांबे पंपावरून ठरवायचे नाहीत, आप्पांच्या कमरेवरून ठरवायचे. एखाद्या दिवशी कंबर नाही म्हणाली तर तिथेच मुक्काम, आणि फारच झाले तर आप्पांनी रेल्वेने परतायचे, हेही आधीच बोलून ठेवले आहे. त्यावर ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

माझ्या वाचकांत अनेकजण पहिल्या पगाराच्या गाडीची स्वप्ने पाहत असतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, दुसऱ्याच्या अंगाला बसणारी गाडी आपल्या अंगाला बसेलच असे नाही, आणि मागे बसणाराही प्रवासीच असतो. यंत्राचा घसारा आपण वर्षाअखेरीस न चुकता लिहितो. माणसाच्या अंगाचा घसारा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. तो आपला आपण ओळखून, वेळेत निघावे लागते. आम्ही येत्या जानेवारीत निघणार आहोत.