धर्मकाटा

भनपुरीत ट्रक तोलायच्या काट्याला सगळे धर्मकाँटा म्हणतात. नागपूरकडचे पाहुणे हे नाव ऐकून हसतात. रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली. वजाबाकी केली की मालाचे वजन निघते. त्या पर्च्यांवरून बिले बनवण्यात माझी २१ वर्षे गेली.

आमच्या सळया घेऊन नागपूरला जाणारे एक ड्रायव्हर होते. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला मुनीमजी. कयामतच्या दिवशीही तराजूच लागतो, त्याला मीझान म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितले. कुराणाच्या ९९व्या सूऱ्यात आहे की कणभर केलेले चांगले दिसेल, कणभर केलेले वाईटही दिसेल. ८३वा सूरा तर मापात मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्यानेच सुरू होतो. काट्याशेजारी बसणाऱ्याला हे लगेच समजते.

समजत नव्हती ती दया. हिशोब एवढा चोख, तर माफी कुठल्या खात्यात लिहायची? चाचा म्हणायचे, ११४ पैकी ११३ सूऱ्यांच्या आरंभी अल्लाहचे नाव रहमान आणि रहीम म्हणून येते. पुढे वाचनात आले की अरबीत गर्भाशयाचा शब्दही त्याच धातूतून निघतो. एक हदीस ते नेहमी सांगत: दयेचे शंभर भाग आहेत, त्यातला एकच पृथ्वीवर उतरला, आणि तेवढ्यावर घोडी शिंगराला लागू नये म्हणून खूर उचलून धरते. उरलेले ९९ त्या दिवसासाठी राखून ठेवले आहेत.

पण एक गोष्ट त्या ९९ भागांतही सहजी बसत नाही. अल्लाहचे देणे अल्लाह माफ करील. माणसाचे देणे माणसानेच सोडायचे. याला हक्कुल इबाद म्हणतात, बंद्यांचा हक्क. शहिदाचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र राहते. कर्ज ठेवून मेलेल्या एकाच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर थांबले होते. अबू कतादा नावाच्या सहकाऱ्याने ते कर्ज अंगावर घेतले, तेव्हा ते पुढे झाले.

चाचा अचानक गेले तेव्हा त्यांच्याकडे माझे २२,००० रुपये होते. बायकोच्या आजारपणात त्यांनी नेले होते. कागद नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी त्याच पैशांतून भरायची होती.

कब्रस्तानात मी मागे उभा होतो. नमाजेआधी त्यांचा मोठा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, अब्बांकडे कुणाचे काही येणे असेल तर मला सांगा, नाहीतर माफ करा. अशी घोषणा जनाज्यात होतेच. मी बोललो नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "फी कोण भरणार?" तिचे बरोबर होते. आमच्या घरात तुकोबांची तसबीर आहे. कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असे सांगतात. तसबिरीखाली बसून कॉलेजची फी बुडवता येत नाही.

आठव्या दिवशी मुलगा ऑफिसात आला. चाचांच्या वहीत माझे नाव होते. "अंकल, अब्बा अटके रहेंगे," तो एवढेच म्हणाला. मी विचारले, माझ्यासारख्या हिंदूचे देणेही तिथे मोजतात का? तो म्हणाला, "बंदा तो बंदा है."

कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात याचीही सोय आहे: ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलेत तर ते तुमच्या भल्याचे. दोन्ही वाटा एकाच आयतीत आहेत. मी पहिली धरली. त्याच्यासमोर म्हणालो की चाचांच्या अंगावर माझे काही नाही, आता ते तुझ्या अंगावर. जमेल तसे दे. फीसाठी मी ऑफिसातून उचल घेतली.

तो महिन्याला हजार आणून देतो. दर वेळी वहीवर सही मागतो, मी करतो. १४ हप्ते झाले आहेत. मुलीची या वर्षाची फी भरून झाली आहे. उरलेल्या ८,००० बद्दल बायको परवा स्वतःहून म्हणाली, "ईदच्या आधी त्याला सांगून टाका."