वेळ कोणाला विचारावी ?

मनुष्याला दोन गोष्टींची हौस एकाच वेळीं असते. आपल्याला सर्व कांहीं कळावें ही एक, आणि आपलें कोणाला कांहीं कळूं नये ही दुसरी. शेजारच्या लग्नांत मुलीला किती तोळे घातले याची चौकशी करणारा गृहस्थ स्वतःचें बँकेचें पुस्तक मात्र कपाटांत धोतरांच्या घडीखालीं ठेवतो. या दोन हौसा परस्परविरुद्ध आहेत, आणि त्यांपैकीं दुसरी जराशी लाजिरवाणी आहे, असें पुष्कळांचें मत असतें. वेरूळच्या आमच्या घरांतल्या एका लहानशा यंत्रामुळें या मताचा मला पुन्हां एकदां विचार करावा लागला.

तें यंत्र माझ्या पुतण्याचें. तो पुण्यास नोकरी करतो. पण तेथल्या भाड्याच्या खोलीचा भरंवसा नाहीं, म्हणून त्यानें तें आमच्या बैठकीच्या फडताळांत आणून ठेविलें. आकारानें पानाच्या डब्याएवढें, आवाज मुळींच नाहीं, एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो. बिटकॉइन नांवाचें जें नाणें जगांत चालतें, त्याची सारी खतावणी या डब्यांत आहे. ३ जानेवारी २००९ रोजीं तिचें पहिलें पान लिहिलें गेलें. तेव्हांपासून सरासरीनें दर दहा मिनिटांस एक पान तींत वाढत आलें आहे, आणि आज तिचा पसारा सहाशें गिगाबाइटांच्या वर गेला आहे. ही खतावणी कोणा एका पेढीवर नाहीं. जगभर हजारों ठिकाणीं तिच्या प्रती आहेत, आणि प्रत बाळगणारें प्रत्येक यंत्र—त्याला नोड म्हणतात—नवें पान स्वतः तपासून मगच आपल्या वहींत घेतें. कोणीं नियमाबाहेर नाणें निर्माण केलें, किंवा एकच नाणें दोघांस दिलें, तर तें पान परत फिरवितें. स्वतःजवळ एकही नाणें नसतां ही तपासणी करतां येते. आमच्या डब्यांत नाणें नाहींच.

मग हा उपद्व्याप कशाला ? त्यास कारण आहे. महिन्याला शेंकडा दहा देऊं असें सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा करणारी ‘गेनबिटकॉइन’ नांवाची योजना २०१८ सालीं पुणें पोलिसांच्या कारवाईमुळें गाजली, तें पुष्कळांस आठवत असेल. तशाच एका दुसऱ्या योजनेंत माझ्या थोरल्या बंधूंनीं आपल्या निवृत्तीच्या रकमेंतला मोठा भाग घातला आणि तो बुडाला. पैशापेक्षां दादांच्या मनाला लागलें तें निराळेंच. “मला हिशेब कधीं दिसलाच नाहीं,” असें ते म्हणत. त्यांचा मुलगा तेव्हां कॉलेजांत होता. ज्या वस्तूच्या नांवानें बापाला फसविलें, त्या वस्तूचा खरा हिशेब कोणालाही घरबसल्या तपासतां येतो, हें त्यानें शोधून काढलें आणि पहिल्या पगारांतून हा डबा उभा केला. दादा त्या फडताळाकडे फिरकत नसत.

वहिनींची शंका वेगळी होती. डबा बाहेरच्या जगाशीं आडपडद्यानें बोलतो, हें त्यांच्या कानांवर आलें होतें. “हिशेब उघडा आहे म्हणतां, तर मग यंत्र लपवायचें कशाला, भाऊजी ? आपण काय चोरी केली आहे ?”

प्रश्न अगदीं रास्त होता. नोड उघडपणें बोलला, तर त्याच्या प्रत्येक शेजाऱ्यास आमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता कळतो. अमुक घरांत असल्या नाण्यांत रस असलेलें कोणी आहे, अशी यादी मग कोणालाही करतां येते. आणि चोर कांहीं आधीं पत्र लिहून डबा भरला आहे कीं रिकामा हें विचारीत नाहीं. म्हणून पुतण्यानें नोडला टॉर नांवाच्या मध्यस्थामार्फत बोलावयास लाविलें. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या आरमाराच्या संशोधनशाळेंत या विद्येचा उगम झाला. निरोप कांद्याच्या पापुद्र्यांसारखा एकावर एक वेष्टणांत गुंडाळून तीन ठाण्यांतून पाठवितात. पहिल्या ठाण्याला निरोप कोणाकडून आला तें कळतें, पण कोठें चालला तें कळत नाहीं. शेवटच्याला पुढचें कळतें, मागचें नाहीं. टॉरच्या आंतच राहणाऱ्या नोडांना छप्पन्न अक्षरांचा एक पत्ता असतो, आणि दोघे नोड एकमेकांचें घर न पाहतां मधल्या एका ठिकाणीं भेटतात.

मीं वहिनींना इतकें सगळें सांगितलें नाहीं. मी म्हणालों, “आपल्या पंधराव्या लेण्याच्या आवारांत दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. बाराशें वर्षें तो ऊनपावसांत सर्वांसमोर आहे. पण तो ज्या हातानें कोरला, त्या पाथरवटाचें घर कोठें होतें हें कोणाला ठाऊक आहे ? लेख उघडा असावा. पाथरवटाचें दार उघडें असलेंच पाहिजे असें नाहीं.” २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरविला, हेंही सांगितलें. अर्थात् हा हक्क म्हणजे कर चुकविण्याची सनद नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून असल्या नाण्यांच्या नफ्यावर शेंकडा ३० कर आहे, आणि ज्याला नफा होईल त्यानें तो भरलाच पाहिजे. वहिनी “बरें” म्हणाल्या. पण त्यांचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं.

पुढें एका शनिवारीं संध्याकाळीं सहाच्या सुमारास वळीव कोसळला, आणि आमच्या बाजूची वीज गेली ती सोमवारीं सकाळीं आठ वाजतां आली. पंखे फिरूं लागले, हिरवा दिवा लागला. पण पडद्यावर जेथें एरव्हीं दहा-बारा शेजाऱ्यांची नोंद असते तेथें शून्य आलें. खतावणीचें शेवटचें पान शनिवारचें. पुतण्या कामानिमित्त प्रवासांत होता. फोनवर तो म्हणाला, “काका, घाई करूं नका. एकेक दार ठोठावून पाहा, आणि जें उघडेल तें संशयितांच्या यादींतून काढून टाका.”

पहिलें दार घराचें. माझ्या मोबाइलवर त्याच राउटरमधून वर्तमानपत्र उघडलें. म्हणजे बाहेरची तार शाबूत होती. दुसरें दार राउटरपासून डब्यापर्यंतचें. माझ्या संगणकावरून डब्यांत शिरतां आलें, तेंही ठीक. तिसरें दार टॉरचें. नोड स्वतः बाहेर जात नाहीं. तो त्याच यंत्रांतल्या ९०५० क्रमांकाच्या खिडकीवर आपली चिठ्ठी देतो, आणि पुढचें काम टॉर करतो. टॉरचा ब्राउझर चालविणाऱ्यांची खिडकी ९१५० असते, आणि या दोन आंकड्यांची अदलाबदल झाली तरी नोड मुका होतो. आमच्या येथें आंकडा बरोबर होता, खिडकी उघडी होती, चिठ्ठी घेतलीही जात होती. पण ‘पोहोंचली नाहीं’ एवढेंच उत्तर येई. तेव्हां दोष खिडकीच्या अलीकडे नव्हता. तो खिडकीच्या आंत किंवा पलीकडे होता.

आडपडद्यानें बोलणाऱ्या यंत्राची अडचण येथें कळते. वेरूळहून संभाजीनगरास जातांना लागणाऱ्या दौलताबादच्या किल्ल्यांतली अंधारी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ती समजेल. वाट कोणत्या वळणावर बंद आहे हें आंतल्याला दिसत नाहीं, आणि जो अंधार शत्रूला अडवितो तोच घरच्या माणसालाही अडवितो.

शेवटीं टॉरची रोजनिशी उघडली. सोमवारीं रात्रीं आठ वाजतां लिहिलेल्या ओळीवर वेळ होती रविवारीं सकाळीं सहाची ! खालीं टॉरची तक्रारही होती, कीं तुमचें घड्याळ मागें आहे. अडतीस तास यंत्र निजलें होतें, आणि उठल्यावर तें शनिवारच्या संध्याकाळपासूनच पुढें मोजूं लागलें होतें. नेहमींच्या संगणकांत घड्याळापुरती एक बटणासारखी बॅटरी असते. या डब्यांत ती नव्हती. असें यंत्र जागें होतांच इंटरनेटवरच्या कालदर्शकांना वेळ विचारून घेतें. पण तो प्रश्न यूडीपी नांवाच्या रीतीनें जातो, टॉर ती रीत वाहून नेत नाहीं, आणि या डब्यांतून टॉरवांचून कांहींही बाहेर जाऊं नये असा कडक नियम पुतण्यानें मागच्या खेपेस घातला होता. टॉरला तर खरी वेळ हवीच, कारण ठाण्यांची यादी तासातासाला नवी निघते आणि कांहीं तासांत बाद होते. वेळ नाहीं म्हणून टॉर नाहीं, आणि टॉरखेरीज वाट नाहीं म्हणून वेळ नाहीं ! टॉर चालता तरी सुटका नव्हती. ज्या पानावरची वेळ आपल्या घड्याळाच्या दोन तासांहून अधिक पुढें आहे, तें पान नोड स्वीकारीत नाहीं. आमच्या डब्यानें जगांतलीं सगळीं खरीं पानें ‘हीं उद्यांचीं आहेत’ म्हणून परत केलीं असतीं.

उपाय साधा होता : वेळ हातानें लावावयाची. यांतही एक खांच आहे. यंत्राला आपली वेळ सांगावयाची कीं ग्रीनिचची, हें आधीं पाहावें लागतें. नाहीं तर साडेपांच तासांची नवीच चूक होते. पुतण्यानें फोनवरून आज्ञा सांगितली, मीं ती टंकली. रात्रीचे दहा वाजले होते. दोनचार मिनिटांत टॉर चालता झाला. शून्याचा एक झाला, एकाचे चार झाले, आणि अर्ध्या तासाच्या आंत दहा शेजारी परत आले. राहिलेलीं तीनशेंच्या वर पानें एकामागून एक तपासलीं जाऊं लागलीं.

त्या रात्रीं माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. कोणावरही विश्वास ठेवूं नये, प्रत्येक आंकडा स्वतः पडताळावा, या तत्त्वावर हें यंत्र उभें आहे. पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत त्यानें सर्व कांहीं स्वतः तपासलें. पण आतां किती वाजले, एवढी गोष्ट मात्र त्याला दुसऱ्याला विचारावी लागते. मीं ती मोबाइलमध्यें पाहून सांगितली, आणि मोबाइलला ती कोणी तिसऱ्यानेंच दिलेली. हा त्या यंत्राचा कमीपणा आहे असें मला वाटत नाहीं. किती थोड्या गोष्टींपुरता परक्यावर विश्वास टाकावा लागतो, आणि त्या कोणत्या, हें ज्याला नेमकें ठाऊक आहे तोच सावध मनुष्य. दादांना फसविणाऱ्यांनीं त्यांच्याकडे सर्वच बाबतींत विश्वास मागितला होता. यंत्रानें मागितलें तें केवळ घड्याळ, आणि चुकीचें घड्याळ मिळतांच तें गप्प बसलें. खोटा हिशेब त्यानें दाखविला नाहीं.

पुतण्यानें आतां डब्याला बॅटरीचें घड्याळ बसविलें आहे, आणि केवळ वेळ विचारण्यापुरती नियमांत एक फट ठेविली आहे. लाखों यंत्रें दररोज हाच प्रश्न विचारतात, तेव्हां तेवढ्यावरून आमच्या घरांत काय आहे हें कोणी ताडणार नाहीं. वहिनींना ही तोड पसंत पडली. दिंडी बंद असली तरी वाजले किती हें रस्त्यावरच्याला विचारावयास हरकत नसते, असें त्या म्हणाल्या.

दादांनीं मात्र त्याच सोमवारीं रात्रीं, निजावयास जातांना, फडताळासमोर थांबून मला विचारलें, “जुळला का रे हिशेब ?” मी म्हणालों, “जुळतो आहे. अजून शेंदीडशें पानें राहिलीं आहेत.” त्यांनीं खुर्ची ओढली आणि पानें संपेपर्यंत ते तेथेंच बसले.