खडवलीचा तंबोरा मिरजेला
सासूबाई गेल्यापासून त्यांचा तंबोरा खडवलीच्या घरी मुकाच होता. भोपळ्याला तडा गेलेला. शेवटी गोधडीत गुंडाळून कल्याणहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरज गाठली. सोबत लेक. तिला हवी इलेक्ट्रिक गिटार, वाघासारखे पट्टे असलेल्या मेपलची! चांगल्या व्हायोलिनची पाठही त्याच लाकडाची असते, हे तिनंच मला शिकवलं.

मिरजेत मेपल कुठला? इथं लाकूड तुणाचं, भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडचे. इथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे, बरं का! इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागिरानं तडा सांधला, घोडी घासली, तारेखाली दोरा सरकवत राहिला, आणि एकदम जवारी खुलली. लेक दांडीच्या रेषांवरून बोट फिरवत होती. "आई, आजी असाच लावायची?"

मला उत्तर देववेना.